रात्रीचा डबा आणि दिवसभराची बोलणी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही तासगावकडच्या, वय ३६, दोन मुलं, उंची पाच फूट दोन इंच, वजन ९१ किलो. बारा वर्षांत सहा वेळा डाएट केलं, दर वेळी आठ-दहा किलो उतरले आणि वर्षभरात व्याजासकट परत आले. दिवसभर पथ्य पाळता, पण रात्री साडेदहाला घर झोपलं की स्वयंपाकघरात जाऊन पोट दुखेपर्यंत खाता. परवा पाव किलो भडंगाचा डबा ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवलात. सकाळी दुकानातून दुसरं भडंग आणलंत आणि कुणाला कळू नये म्हणून डबा होता तेवढ्याच पातळीपर्यंत भरून ठेवलात. शेवटी विचारलंय, "नवरा, सासूबाई, डॉक्टर सगळे म्हणतात माझा मनावर ताबा नाही. तो कसा मिळवू? पुढच्या महिन्यात चुलत नणंदेचं लग्न आहे, तोवर काही होईल का?"

मी आहारतज्ज्ञ आहे. सांगली-मिरजेत २२ वर्षं काम करते आहे, आणि त्यातली निम्मी वर्षं एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांच्या सोबतीनं अशाच बायकांना बघते आहे. त्या अनुभवावरून सांगते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त काही सांगून गेलेलं वाक्य वजनाचं नाही, डबा पुन्हा भरून ठेवल्याचं आहे. ज्याला नुसती खायची आवड आहे तो दुसऱ्या दिवशी सरळ सांगतो, भडंग संपलं, येताना घेऊन या. पातळी मोजून डबा भरणारं माणूस घाबरलेलं असतं. आणि ते घाबरणं तुमच्या रात्रीच्या खाण्याच्या मुळाशी आहे, असं माझं मत आहे. म्हणून मनावर ताबा कसा मिळवायचा या प्रश्नाच्या आधी मला दुसराच प्रश्न सोडवायचाय: सकाळी सहा ते रात्री साडेदहा या वेळात तुमच्या पोटाचं आणि मनाचं काय होतं?

पण आधी काही गोष्टी विचारून घ्यायला हव्यात, कारण त्यांवर बरंच अवलंबून आहे. असं खाल्ल्यावर तुम्ही घशात बोटं घालून ओकारी काढता का, जुलाबाच्या गोळ्या घेता का? तसं असेल तर तो वेगळा आजार आहे. त्यात रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, तिथे वाट बघत बसू नका, या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. तुम्ही जागेपणी खाता की गाढ झोपेतून उठून थोडं थोडं खाता, हेही महत्त्वाचं. झोपेतून उठून खाण्याचाही वेगळा विकार असतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्री साखर उतरून लागलेली भूक खरोखरीची असते, आणि जेवणाच्या वेळा बदलण्याआधी औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारावंच लागेल. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस (पाळी बिघडवणारा संप्रेरकांचा विकार) बघायला हवा, थायरॉईडही तपासून घ्या. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधं भूक आणि वजन दोन्ही वाढवतात. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर खाण्याचं सगळं राहू दे, घरातल्या विश्वासाच्या एका माणसाला आजच सांगा आणि टेली-मानस या मानसिक आधाराच्या सेवेच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

यातलं काही नसेल असं धरून पुढे लिहिते.

जास्त खाणं आणि तुम्ही लिहिलंय ते खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हुरड्याला गेलं की आपण सगळेच पोटाला तडस लागेपर्यंत खातो. दिवाळीत फराळाच्या ताटावर हात थांबत नाही. त्यात गप्पा असतात, हसणं असतं, संध्याकाळी थोडा ओवा खाल्ला की विषय संपतो. तुमच्या रात्रीत यातलं काहीच नाही. थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जातं, आणि खाताना आता थांबावं म्हटलं तरी थांबता येत नाही. खाणं भरभर, बकाबका होतं, भूक नसतानाही होतं, कुणी बघू नये म्हणून एकट्यानं होतं आणि नंतर स्वतःची किळस येते. असं आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने होत असेल, त्याचा मनाला खूप त्रास होत असेल आणि ओकारी वगैरे प्रकार नसतील, तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९५९ साली अशा खाण्याचं वर्णन केलं. पण स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला जागा मिळाली ती २०१३ मध्ये. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी शिक्षण घेतलं तेव्हा हा आजार त्यांच्या पुस्तकात बहुधा नव्हता. त्यांनी 'ताबा ठेवा' म्हटलं त्यामागे हेही एक कारण असेल. निदान मात्र समोर बसून बोलल्यावरच होतं, मी इथून शिक्का मारणार नाही.

आणि एक स्पष्ट करते. वजन जास्त असलेल्या बहुसंख्य बायकांना हा आजार नसतो, आणि हा आजार असलेल्या काही बायका बारीकही असतात. त्यामुळे हे वाचून कुणी शेजारच्या जाड बाईकडे बघून 'ही पण रात्री डबे उघडत असणार' असं मनात आणू नये.

आता तुमचा दिवस बघू. तुम्हीच लिहून पाठवलाय. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, अकराला एक पेरू, दुपारी एक ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, पाचला ग्रीन टी, रात्री सूप. सोमवारी आणि संकष्टीला तेही नाही. मी हिशेब केला तर सातशे कॅलरींच्या पुढे जात नाही. ताई, एवढ्यावर सकाळी सहापासून चौघांचा स्वयंपाक, धुणी, शाळेचे डबे, दुपारी बेदाण्याच्या शेडवरचं काम, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. चुलीपाशी उभं राहून सगळ्यांना गरम पोळ्या वाढायच्या आणि आपण सूप प्यायचं. साडेदहाला तुम्ही स्वयंपाकघरात जाता तेव्हा तुमच्या शरीरानं सोळा तास वाट बघितलेली असते.

अमेरिकेत १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला होता. छत्तीस निरोगी, मनानं खंबीर तरुण निवडून घेतले आणि सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी एवढंच खायला दिलं. ते आठवड्याला ३५ किलोमीटर चालत, त्यामुळे त्यांची गरज तुमच्याहून जास्त होती हे खरं, पण पुढे काय झालं ते बघा. त्यांना दिवसरात्र खाण्याशिवाय काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, जेवण पुरवून पुरवून, ताट चाटूनपुसून खायचे. निर्बंध उठल्यावर त्यांतले कितीतरी जण पोट फुटेपर्यंत खात आणि तरी भूक भागली नाही म्हणत. ही माणसं आधी खाण्याच्या बाबतीत अगदी साधी होती. उपाशी ठेवल्यावर शरीर अन्नाच्या मागे लागतं, ते त्याचं जगण्याचं काम करत असतं. तुमचं शरीर तेच करतंय. दिवसा तुम्ही त्याला दाबून धरता, रात्री ते उसळी मारतं, दुसऱ्या दिवशी तुम्ही शिक्षा म्हणून आणखी दाबता. सहा डाएटची गोष्ट तीच आहे, फक्त चार्ट देणारी माणसं बदलली.

हा झाला पोटाचा भाग. पण माझ्याकडे अशाही बायका आल्या आहेत ज्या दिवसभर बऱ्यापैकी जेवतात, तरी हे होतं. तिथे बोलण्यांचा भाग मोठा असतो, आणि तुमच्यात दोन्ही आहेत असं मला वाटतं.

तुम्ही सहज ओघात लिहून गेलात, मी मात्र एकेक वाक्य वेगळं काढून ठेवलं. बारशाला मावससासू म्हणाल्या, "हिला पुरणपोळी अर्धीच वाढा गं." दुकानात ब्लाऊजपीस दाखवताना पोरगा म्हणाला, "काकू, तुमच्या मापाला दोन लागतील." नवरा मित्रांसमोर म्हणतो, "आमची खात्यापित्या घरची." आणि गुडघा दुखतो म्हणून गेलात तर डॉक्टरांनी गुडघ्याला हातही न लावता वजन कमी करा सांगितलं. बोलणाऱ्यांना वाटतं, टोचून बोललं की बाई सुधारेल. आपल्याकडे हा समज इतका घट्ट आहे की तो प्रेमाचा भाग मानला जातो. प्रत्यक्षात उलटं होतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जास्त वजनाच्या काही स्त्रियांना जाड माणसांची टिंगल असलेली चित्रफीत दाखवली, बाकीच्यांना साधी चित्रफीत दाखवली, आणि नंतर सगळ्यांसमोर खायला ठेवलं. टिंगल बघितलेल्या जास्त वजनाच्या स्त्रियांनी दुसऱ्या गटातल्या तशाच स्त्रियांच्या तिपटीहून जास्त कॅलरी खाल्ल्या. अपमान झाला की शरीर ताणात जातं, कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, आणि गोड-तेलकटाची ओढ वाढते. शिवाय ज्या बाईला खाण्यावरूनच बोललं जातं ती चारचौघांत खायचं सोडते, मग तिचं खाणं एकांतात आणि अंधारात जातं. लोक बघतील म्हणून चालायला जात नाही. दवाखाना टाळते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू ती बोलणी तिच्या स्वतःच्या आवाजात ऐकू यायला लागतात. तुम्ही पत्रात स्वतःला 'हावरट' असं तीनदा म्हटलंय. मी मोजलं.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी, कारण हे सगळं मी त्यातून शिकले. सुरुवातीची सहा-सात वर्षं माझा वजनकाटा बाहेर बसायच्या खोलीत होता. मदतनीस मुलगी वजन करायची आणि मला आत ऐकू यावं म्हणून आकडा मोठ्यानं सांगायची. एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या, खेडेगावातून एसटीनं. आकडा आला एकशे चार. बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं. मी आतून ऐकलं आणि काही बोलले नाही. त्यांना चार्ट दिला, पंधरा दिवसांनी या म्हटलं. त्या आल्या तीन वर्षांनी, पायाची जखम भरत नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवल्यावर, तेव्हा साखर तीनशेच्या पुढे. बऱ्याच भेटींनंतर त्यांनी सांगितलं की त्या दिवशी माझ्याकडून निघून त्या स्टँडवर गेल्या, अर्धा किलो बर्फी घेतली आणि गाडी लागेपर्यंत बाकावर बसून, पिशवीत हात घालून, वर न बघता सगळी संपवली. पदरानं तोंड पुसलं आणि गाडीत बसल्या. मग तीन वर्षं कुठल्याच दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. माझ्या काट्यानं त्यांचं वजन कमी झालं नाही, त्यांची तीन वर्षं गेली. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) त्यांनी हे सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काटा आतल्या खोलीत नेला. आता विचारल्याशिवाय वजन करत नाही, आणि हवं असेल तर पाठमोरं उभं राहून करते.

तर करायचं काय. क्रम महत्त्वाचा आहे: आधी रात्रीचं खाणं थांबवायचं, वजनाचं नंतर. दोन्ही एकदम धरलंत तर दोन्ही सुटतील. उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे की बिंजवरचे उपचार चालू असताना डाएट करून वजन उतरवायला जाऊ नये, त्यानं बिंज होण्याचीच शक्यता वाढते.

पहिलं काम, दिवसा जेवायचं. वेळेवर, बसून, ताट वाढून घेऊन. उठल्यापासून तासाभरात न्याहारी: दोन वाट्या पोहे-शेंगदाणे, उपीट, किंवा भाकरी आणि रात्रीची उसळ, जे घरात होतं तेच. दुपारी दोन भाकऱ्या, भाजी, आमटी किंवा पिठलं, दही, शेंगदाण्याची चटणी. पाचच्या सुमाराला काहीतरी पोटाला लागेल असं. रात्री सगळ्यांबरोबर जेवण, सूप नाही. दोन खाण्यांमध्ये साडेतीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, दोन भाकऱ्या म्हणजे वजन वाढणारच असं वाटलं असेल. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकीला वाटतं. पहिल्या दोन आठवड्यांत वजन किलोभर वर-खाली होतंही. पण रात्रीच्या एका डब्यात जेवढं जातं त्यापुढे ही एक भाकरी काहीच नाही, आणि बहुतेक जणींचा पहिला बदल याच एका कामानं दिसतो. आठवड्यात पाच वेळा होणारं खाणं तीनवर येतं, मग दोनवर. एकदम बंद होईल अशी आशा धरू नका.

उपासांचं विचारलं नव्हतंत, तरी बोलते. सोमवार आणि संकष्टी देवासाठी आहे की वजनासाठी, हे तुमचं तुम्ही स्वतःला खरं विचारा. वजनासाठी असेल तर आत्ता सोडून द्या. देवासाठी असेल तर मोडायला मी सांगणार नाही, पण तीन-चार महिने निरंकार करू नका. शेंगदाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, दही, राजगिऱ्याची भाकरी असं वेळेवर खाऊन उपास करा. चंद्रोदयापर्यंत पाण्यावर राहिलेल्या बाईच्या हातून रात्री दहाला काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरं काम भडंगाचं. मला माहीत आहे, तुम्हाला वाटत असेल मी ते घरात आणूच नका म्हणेन. सांगलीत राहून भडंग घरात नको म्हणणं शहाणपणाचं नाही, आणि उपचार म्हणूनही चुकीचं आहे. जो पदार्थ आपण मनात 'बंद' म्हणून कोंडून ठेवतो, रात्री नेमका त्याचाच डबा उघडला जातो. पहिले दोन-तीन आठवडे जेवणाची घडी बसू द्या. मग आठवड्यातून दोनदा, पाचच्या चहाला, एका खोलगट ताटलीत भडंग घ्या, वर कांदा चिरा, कोथिंबीर, लिंबू पिळा, आणि पोरांबरोबर बसून उजेडात खा. डबा नाही, ताटली. सुरुवातीला भीती वाटेल. 'आता घेतलंच आहे तर सगळं संपवू, उद्यापासून कडक' हा विचार येईल, तो ओळखून ठेवा. रात्रीच्या बिंजच्या दाराशी नेहमी तोच उभा असतो.

तिसरं, एक छोटी वही ठेवा. कॅलरी लिहायच्या नाहीत. वेळ, काय खाल्लं, आणि त्याच्या आधीच्या दोन-तीन तासांत काय झालं, एवढंच. पंधरा दिवसांत तुम्हाला दिसेल. मिरजेच्या एका मुलीच्या वहीत दर रविवारी रात्री बिंज होतं, आणि दर रविवारी दुपारी आत्याकडे जेवण. आत्या दारातच म्हणायच्या, "अजून तशीच?" तिला स्वतःला वहीत बघेपर्यंत हे जोडता आलं नव्हतं.

आणि रात्री घडलंच, तर दुसऱ्या दिवशी शिक्षा नाही. सकाळची न्याहारी वेळेवर खायची, भूक नसली तरी थोडी. मला विचाराल तर या सगळ्यात ही न्याहारी सगळ्यात अवघड आहे आणि तिचाच परिणाम सर्वांत मोठा असतो. साखळी तिथे तुटते. वजनकाट्यावर रोज चढत असाल तर तो कपाटावर टाका.

आता घरच्यांचं. पुस्तकात लिहितात, 'माझ्या शरीरावर बोलू नका असं ठामपणे सांगा.' आपल्या घरात सून सासूबाईंना असं कसं सांगणार? मी दुसरी वाट धरते. नवऱ्याला घेऊन या, किंवा निदान हे उत्तर वाचायला द्या, आणि त्याच्या तोंडून आईला सांगायला लावा: "आई, डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने हिच्या ताटाबद्दल आणि वजनाबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. औषधाचाच भाग आहे." कारण फार समजावत बसायचं नाही. डॉक्टरांच्या नावावर आपली घरं ऐकतात, त्याचा उपयोग करून घ्या. आणि ही बंदी कौतुकालाही लागू. "बारीक झालीस!" हेसुद्धा नको, कारण त्यातून ही माणसं रोज माझ्याकडे बघून मोजतात एवढंच कळतं. नवऱ्याशी मात्र तुम्ही स्वतः बोला. भांडण म्हणून नको. त्याला डब्याची गोष्ट सांगा. बऱ्याच नवऱ्यांना रात्रीचं काहीच माहीत नसतं, आणि कळल्यावर पुढच्या वेळी मित्रांसमोर ते वाक्य तोंडातून निघत नाही. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे असं लिहिलंय. या घरात वजनाबद्दल जे बोललं जातं ते ती ऐकते आहे. सासूबाईंना सुनेसाठी नसेल पटत तर नातीसाठी पटतं, हे मी अनेक घरांत बघितलंय.

दवाखान्यात गेलात तर आधीच सांगा, "वजनाचं मला माहीत आहे, त्यावर मी काम करते आहे. आज गुडघ्याचं बघा." बारीक माणसाचा गुडघा दुखला तर जी तपासणी झाली असती तीच तुमची व्हायला हवी.

आहारतज्ज्ञ एकटी यात पुरी पडत नाही, हेही स्पष्ट सांगते. या आजारावर सगळ्यात भरवशाचा उपचार बोलण्याचा आहे, कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, काही महिन्यांची, आणि ती चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांकडे करायची असते. खासगी परवडत नसेल तर मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सांगलीचं सिव्हिल इथे मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करा. उदासी सोबत असेल तर डॉक्टर गोळ्याही देतील. वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल आजकाल प्रत्येक जण विचारतो. ती २०२५ पासून भारतात मिळायला लागली आहेत, भूक कमी करतात, काही जणींना योग्यही ठरतील. पण ती या आजारावरचं मान्य औषध नाहीत, आणि बिंज चालू असल्याचं डॉक्टरांना न सांगता सुरू करायची नाहीत. पोटाच्या शस्त्रक्रियेचंही तसंच.

मग वजनाचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायला हवंच. मी गोड बोलून फसवणार नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३७ च्या आसपास येतो, आणि त्या वजनाला मधुमेह, रक्तदाब, गुडघे, झोपेत श्वास अडकणं यांचा धोका खरा आहे. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), रक्तदाब हे या महिन्यात तपासून घ्या, घोरणं असेल तर तेही सांगा. पण बिंज थांबल्यावर वजन धपाधप उतरेल असंही नाही. उपचारांनी बिंज जितकं सुधारतं तितकं वजन हलत नाही. बऱ्याच जणींचं फक्त वाढायचं थांबतं, काहींचं थोडं उतरतं. माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकाचा मोठा भाग, जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार ४० ते ७० टक्के, आनुवंशिक असतो. तुमची आई आणि मावशी दोघी अशाच अंगाच्या, असं तुम्हीच लिहिलंय. वजन आहे तेवढंच राहूनही चालणं, नीट जेवण आणि झोप यांनी साखर आणि रक्तदाब सुधारतात. हे मी रिपोर्टांत दर आठवड्याला बघते.

राहिलं लग्न. महिन्याभरात वजन उतरवून जायचा विचार सोडा, त्या नादात सातवं डाएट सुरू होईल. साडी आणि ब्लाऊज आजच्या मापाचं शिवून घ्या, खाली बसता येईल आणि हात वर करता येईल असं. लग्नाच्या दिवशी सकाळी घरून नीट खाऊन निघा. आपल्याकडे पंगत तीनला बसते, तोवर पोट रिकामं ठेवू नका. पानावर जे आवडतं ते घ्या. कुणी बोललंच तर "मावशी, जेवण कसं झालंय?" म्हणून विषय वळवायचा, उत्तर द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही. ज्या बहिणीशी तुमचं जमतं तिला शेजारी बसवा. आणि त्या रात्री घरी आल्यावर लगेच स्वयंपाकघरात एकट्या थांबू नका, हे आधीच ठरवून ठेवा. साडी बदला, मुलीच्या शेजारी जाऊन पडा, त्या बहिणीला फोन लावा. अपमानाच्या दिवसाची रात्र सगळ्यात नाजूक असते.

मला तीन गोष्टी कळवा: ओकारी किंवा जुलाबाच्या गोळ्यांचं उत्तर, सध्या चालू असलेली सगळी औषधं, आणि पुढच्या सात दिवसांत न्याहारी किती दिवस झाली. वजन कळवू नका.